दोघांचा कार्यक्रम

नंदनवन वस्तीतल्या बाबारावांना तंबू घ्यायचा होता, आणि तो दोन माणसांचाच घ्यायचा होता. कापड कुठलं, रंग कोणता, वारा सुटला तर टिकेल का, या बाबतीत ते कोणाचंही ऐकायला तयार होते. दोन या आकड्यावर मात्र तडजोड नव्हती. त्यामागचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला तर मुळीच नाही. तिला सांगता आलं असतं तर तंबू घ्यायची गरजच उरली नसती.

त्याचं असं झालं. बाबारावांच्या आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा वच्छलाबाईंनी आपली उशी उचलली आणि सासूच्या खाटेशेजारी खाली गादी टाकली. रात्रीबेरात्री पाणी द्यावं लागे, कूस वळवून द्यावी लागे. अशी वर्षं गेली. मग आई गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलगा सौरव आणि सून हैदराबादला परतले. वच्छलाबाई मात्र त्या खोलीतच राहिल्या. खालची गादी खाटेवर गेली, एवढाच काय तो फरक. भांडण नाही, अबोला नाही. सकाळचा चहा बरोबर, संध्याकाळची बागेतली फेरी बरोबर, पोळीवरचं तूपही पूर्वीसारखंच. फक्त रात्री घरात दोन दारं लागायची. ते दुसरं दार लागल्याचा आवाज बाबारावांना रोज ऐकू यायचा आणि रोज तेवढंच वाईट वाटायचं.

विचारायचं तर होतं, पण साठी उलटलेल्या माणसानं हे विचारायचं कसं? शब्द ओठांपर्यंत यायचे आणि बाहेर पडताना भलतेच होऊन पडायचे. गॅस बंद केला का, असंच काहीतरी. आपण घोरतो म्हणून ती येत नाही, अशी शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, त्यामुळे ते किती भयंकर असेल याची कल्पना त्याला मनसोक्त करता येते. बाबारावांनी तर जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. कल्पनेचा त्यांच्याकडे तुटवडा नव्हता.

आणि मग हिवाळ्यातल्या एका दुपारी, गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलता सोलता, वच्छलाबाई सहज बोलून गेल्या. त्यांचं माहेर रामटेकच्या पलीकडचं. धानाची शेती, आणि शेताला लागून बोडी, म्हणजे बापजाद्यांनी खोदलेलं लहानसं तळं. त्या लहान असताना मळणीच्या दिवसांत सारं घर खळ्यावर झोपायला जायचं. पहाटे जाग यायची तेव्हा बोडीवर धुकं उतरलेलं असायचं, आणि पलीकडची मोहाची झाडं पाण्यात उभी आहेत की ढगात, हे कळायचं नाही. एकदा बोडीच्या त्या पाळीवर, काठच्या बांधावर, झोपावंसं वाटतं, असं त्या म्हणाल्या. सोलणं चालूच होतं. हे त्या नवऱ्याला म्हणाल्या की शेंगांना, कोण जाणे.

बाबारावांनी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पाळीवर झोपायचं म्हणजे तंबू आला. तंबूला दुसरी खोली नसते, दुसरं दार नसतं. तोंडानं जे मागता येत नव्हतं ते चार हात कापडाकडून मागून घेता येणार होतं. त्यांनी मेहुण्याला, गणपतरावांना, फोन करून पाळीवरचं गवत काढून ठेवायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते मनात मांडे खाऊ लागले. दाढी करताना आरशातून धुकं वर येऊ लागलं. दुपारी डोळा लागला की पाठीखाली गवत लागायचं, कुठूनतरी मोहाचा वास यायचा, आणि शेजारी कोणीतरी अगदी हळू श्वास घेत असायचं. मोहाला हिवाळ्यात फूल नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण स्वप्नात कोण हंगाम पाहत बसतं?

तंबू आणायला निघताना त्यांनी चूक केली, ती अगदी इथल्या माणसानंच करावी अशी. तंबू म्हणजे टेन्ट, आणि टेन्ट म्हणजे टेन्ट हाऊस. सौरवच्या लग्नाचा मांडव ज्यांनी घातला होता, त्या भैय्याजींच्या बिछायत केंद्रात ते वच्छलाबाईंना घेऊन थेट जाऊन बसले. इतवारी बाजारातल्या हातगाड्या, टेम्पो आणि भांड्यांचा खणखणाट पार करून दोघं घामाघूम झालेली. भैय्याजींनी चहा मागवला, सौरवची चौकशी केली, आणि पेन उघडलं.

"बोला मास्तर, किती लोकांचा कार्यक्रम आहे?"

"दोघांचा," बाबाराव म्हणाले.

भैय्याजींनी पेन खाली ठेवलं. एवढा आटोपशीर कार्यक्रम त्यांच्या उभ्या धंद्यात आला नव्हता. मग आवाज खाली आणून, मोठ्या अदबीनं, त्यांनी विचारलं की पोरीकडचे लोक नाराज आहेत का. वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबारावांनी बोडी, पाळ, धुकं असं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा भैय्याजी म्हणाले की आपला लहानात लहान मांडव घातला तरी बोडी आत आणि मास्तर बाहेर अशी गत होईल. पण माणूस मोठा भला. स्वतः उठून गल्लीच्या टोकापर्यंत आले आणि ताडपत्र्या, रेनकोट, पाठीवरच्या पिशव्या विकणारं एक दुकान दाखवून परत गेले. वरच्या मजल्यावर हल्ली असले छोटे तंबू ठेवतात, असं त्यांच्या कानावर होतं.

वरचा मजला निवांत होता. खालचा बाजार जिना चढून येईपर्यंत मऊ होऊन जात होता. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन तिरपं आत आलेलं, आणि त्या उन्हात निळे, केशरी, हिरवे तंबू फुगून बसलेले. बाबारावांची तंद्री लागायला एवढं पुष्कळ होतं. काजल नावाची दुकानातली मुलगी कापडाचे थर, काड्या, डासांची जाळी असं एकेक समजावून सांगत होती, आणि बाबाराव मान हलवत हलवत प्रत्येक तंबूत एकेक रात्र राहून येत होते. केशरी तंबूत संध्याकाळ संपायलाच तयार नव्हती. सूर्य बोडीच्या काठावर येऊन बसला होता आणि जा म्हटलं तरी जात नव्हता. निळ्या तंबूत बोडीच डोक्यावर आली होती. मासे कापडाला तोंड लावून आत कोण झोपलंय ते पाहत होते. हिरवा तंबू सगळ्यांत लहान, दोन माणसांचा. त्याच्यात कापणीआधीच्या धानाचा उजेड भरलेला, आणि त्या उजेडात वच्छलाबाई कुशीवर झोपलेल्या, केस सुटलेले, त्यातले थोडे बाबारावांच्या खांद्यावर. त्या तंबूतून बाहेर यायला त्यांना वेळ लागला.

"काकाजी, हा पाहा," काजल म्हणाली. "हा जास्त खपते. मधात पडदा आहे, चेन लावली की दोन खोल्या होतात."

साऱ्या जगात एक जागा अशी शोधली होती की जिथं दुसरी खोली नाही, आणि तिथंही कोणीतरी पडदा शिवून ठेवला होता. वच्छलाबाई त्या मोठ्या तंबूत उभ्या उभ्या शिरल्या. चेन ओढून पडदा लावून पाहिला, उघडला, पुन्हा लावला. पलीकडून त्यांच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. मग त्या बाहेर आल्या, हिरव्या तंबूपाशी वाकल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "लहान आहे."

झालं. बाबारावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आईच्या आजारपणातली, ती अजून गेली नव्हती. या बाईनं वर्षानुवर्षं दुसऱ्यासाठी झोप मोडली. आता आपल्या हट्टापायी तिला माहेरच्या पाळीवरही रात्रभर आपलं घोरणं ऐकायला लावायचं? त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी काजलला सांगितलं की पडद्याचाच द्या. ती नवा खोका आणायला खाली गेली.

बाबाराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली गल्लीत रंग वाहत होते, पण ते त्यांना दिसत नव्हते. थोड्या वेळानं मागं वळून पाहतात तर वच्छलाबाई कुठं नाहीत. हिरव्या तंबूच्या तोंडाशी त्यांच्या चपला होत्या.

"आत या ना जरा," तंबूतून आवाज आला.

बाबाराव गुडघ्यांवर आले, गुडघ्यांनी कुरकुर केली, पण आत शिरले आणि आडवे झाले. जागा खरंच लहान होती. दंडाला दंड लागला. वर हिरवं कापड वाऱ्यानं किंचित वरखाली होत होतं, आणि बाजार फार दूर राहिला होता. आपण इतवारीत आहोत की पाळीवर, हे बाबारावांना नीटसं सांगता आलं नसतं.

"पडद्याचा काहून घेऊन राहिले तुम्ही?" वच्छलाबाईंनी वर बघतच विचारलं.

"तुले झोप लागली पाहिजे ना. मी घोरतो."

त्या हसल्या. लहान आहे म्हटलं होतं, नको कुठं म्हटलं होतं, असं म्हणाल्या. आणि घोरणं तर त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. ते ऐकतच झोप लागते. मध्येच थांबलं की जाग येते, मग त्या उठून दारातून पाहून जातात, छाती वरखाली होते आहे ना म्हणून. बाबारावांना याचा पत्ताही नव्हता. कितीतरी रात्री ती आपल्या दारापर्यंत येत होती आणि आपण खुशाल झोपलेलो होतो. आणि जे इतके दिवस बाहेर पडत नव्हतं ते आपोआप पडलं.

"मग आई गेल्यावर तू आली काहून नाही वं?"

वच्छलाबाईंनी वरच्या कापडाला बोट लावून पाहिलं.

"कशी येऊ?" वच्छलाबाई म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा आईनं हाताले धरून तुमच्या खोलीत नेलं होतं मले. आता नेणारं कोणी राहिलं नाही. या वयात उशी काखेत घेऊन आपल्या मनानं येऊ का? मले लाज वाटे. तुम्ही बोलवाल म्हणून वाट पाहून राहिली होती."

बाबारावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. भिंतीच्या एका अंगाला ते पावलांची वाट पाहत होते, दुसऱ्या अंगाला ती हाकेची. एका वाक्याचं तर काम होतं. चित्रकलेच्या मास्तरानं काय काय कल्पना लढवल्या, पण आपली बायको आपल्याला अजून लाजत असेल, हे काही त्याला सुचलं नव्हतं.

काजल खोका घेऊन वर आली आणि गिऱ्हाईक कुठं गेलं म्हणून इकडंतिकडं पाहू लागली. बाबारावांनी आतूनच सांगितलं की तो राहू दे, हा हिरवा बांधून दे. ती बरं म्हणाली आणि दोघं बाहेर यायची वाट पाहत थांबली. बाबाराव आधी रांगत बाहेर आले, उभे राहिले, आणि वाकून त्यांनी आत हात पुढं केला. वच्छलाबाईंनी तो धरला आणि उठल्या.

तंबूची पिशवी एका खांद्याला अडकवून बाबाराव जिना उतरले. दुसऱ्या हातातला हात तसाच होता. दुकानाबाहेर आले तरी तसाच. इतवारीच्या भर बाजारात, भरदुपारी, बायकोचा हात धरून ते एका हातगाडीला वाट देत उभे राहिले. समोरचा कापडवाला मापायचं थांबवून बघू लागला. वच्छलाबाईंचे कान लाल झाले.

"सोडा ना आता," त्या हळूच म्हणाल्या. "लोक पाहून राहिले."

"पाहू दे," बाबाराव म्हणाले. "आईनं जिथपर्यंत नेलं होतं, तिथपर्यंत न्यायचं आहे."

वच्छलाबाईंनी मोकळ्या हातानं पदर सावरला आणि त्या चालू लागल्या. हात सोडवून घ्यायचा प्रयत्न त्यांनी पुन्हा केला नाही.