झऱ्याकडची वाट

रानात बंडखोर म्हणून सात वर्षं लढताना मिबुरोच्या हाताखाली चाळीस माणसं होती. तह झाला, बंडखोर आणि जुने शिपाई एकत्र करून बुरुंडीचं नवं लष्कर उभं राहिलं, आणि मिबुरोच्या हाती आली सुरुंग शोधायची एक सळई. जोडीला बुकुरू, जुन्या लष्करातला. मिबुरो हुतू जमातीचा, बुकुरू तुत्सी; बंडखोर हुतूबरोबर जुना तुत्सी शिपाई, अशा जोड्या लेफ्टनंटसाहेबांनीच लावल्या होत्या. एका ताटात जेवा, असाही हुकूम होता. दोघं जेवत, पण मधे घेवड्याचा बांध घालून.

तुकडी न्याकारो टेकडीवर आली. हे मिबुरोचं गाव. टांझानियातल्या निर्वासितांच्या छावण्यांमधून माणसं परतत होती, पण झऱ्याच्या वाटेवर सुरुंग होते. मिबुरोच्या वहिनीचा, स्पेसियोझचा, पाय त्याच वाटेवर गेला होता.

पहिल्याच सकाळी बुकुरूने सळई न टेकवता तीन जागा दाखवल्या. तिन्ही बरोबर निघाल्या.

"कुत्र्याचं नाक लावून आलायस का रे?" मिबुरोने विचारलं.

बुकुरू कडेच्या झाडापासूनचं अंतर नजरेने मोजू लागला. मोजून त्याने चौथी जागा दाखवली, आणि मिबुरोला सगळं कळलं. तो सुरुंगही निघाला, तसं त्याने बुकुरूला बाजूला ओढलं आणि गचांडी धरली.

"तूच पेरलेस हे!"

"हुकूम होता. तुमचे लोक पाणी न्यायचे इथून."

"बायका न्यायच्या, हरामखोरा! घागरी घेऊन!"

"आणि माझी बहीण? शाळामास्तरीण होती. किबिराच्या घाटात तुम्ही तिची बस जाळलीत. मी कधी विचारलं तुला, कोण होतं म्हणून?"

ती बस मिबुरोला माहीत होती. म्हणूनच तो आणखी मोठ्याने ओरडला, "चल! गावासमोर सांग!"

लेफ्टनंट धावत आले. "वेड लागलंय का? दगड पडतील. जुनं काही उकरायचं नाही!"

"साहेब, उकरायलाच तर आणलंय आम्हाला," मिबुरो म्हणाला.

केळीच्या बागेपाशी माणसं जमली. सुरुंग आपणच पेरल्याचं बुकुरूने मान वर करून सांगितलं. कुबडी टेकत स्पेसियोझ पुढे आली. ती आता त्याला झोडपणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"किती पेरलेस?"

"बारा."

"एक मी फोडला. बाकीचे मोजून काढ." मग ती दिराकडे वळली. "आणि तू कशाला छाती काढून उभा? रानात काय तांदूळ निवडत होतास?"

कुणी हसलं नाही. राग कुणाचा आलाय, हेच मिबुरोला कळेना. वहिनीचा? साहेबांचा? शेवटी तो बुकुरूकडे न बघता बोलला.

"घाटातली ती बस मी अडवली होती. काडी दुसऱ्याने लावली. पण अडवली मी."

बुकुरूने हातातलं शिरस्त्राण त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. पुन्हा हाणलं. मिबुरोने हात उचलला नाही, आणि गावातलं कुणी मधे पडलं नाही. शेवटी शिपायांनीच दोघांना वेगळं केलं. साहेबांनी जोडी मोडल्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं.

दुसऱ्या सकाळी बुकुरू साहेबांसमोर उभा राहिला. "जोडी राहू दे. जागा मला ठाऊक आहेत, आणि हात याचा स्थिर आहे."

"त्याला मारून टाकशील."

"मारायचं असतं तर काल शिरस्त्राणाऐवजी बंदूक उचलली असती."

मग तो मिबुरोकडे वळला. "माझ्याशी बोलू नकोस. मी सांगतो तिथली माती काढ. बस्स."

मिबुरो पोटावर आडवा झाला. उरलेले सात सुरुंग काढायला चार दिवस लागले. चार दिवसांत 'डावीकडे', 'हळू', 'थांब' यापलीकडे दोघांत एक शब्द झाला नाही. मिबुरोच्या सुजलेल्या ओठावर माश्या बसत. दोन्ही हात कामात असल्याने त्या हाकलताही येत नव्हत्या.

पाचव्या दिवशी स्पेसियोझ कुबडी टेकत झऱ्यावर गेली. वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या त्या दोघांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.