रक्त यायचं थांबलं तेव्हा

मी दिव्यानीचा खालचा जबडा बोलतोय. आजवर ती जे बोलली, तिनं जे चावलं, ज्या रागानं दात आवळले, ते सगळं माझ्याच जिवावर. पण स्वतःचं काही सांगायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. आता आली आहे, कारण मी झिजत चाललो आहे.

तुम्हाला वाटत असेल, हाड म्हणजे दगड. तसं नाही. मी जिवंत आहे. माझ्यात रक्त फिरतं. दात माझ्यात रुजलेले असतात, झाड मातीत रुजतं तसे. माती वाहून गेली की झाडाचं काय होतं, हे अहेरीकडच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना वेगळं सांगायला नको. दिव्यानीचं गाव तिथलंच.

तिचे दुधाचे दात पडले, तेव्हा मागून येणाऱ्या पक्क्या दातांना द्यायला माझ्याकडे जागाच नव्हती. पुढचे दात बाजाराच्या दिवशी जीपमध्ये बसलेल्या बायांसारखे एकमेकांच्या अंगावर चढले. शाळेत पोरं तिला ‘करवत’ म्हणत. सातवीनंतर शाळा सुटली, ते नाव सुटलं नाही. लग्न झालं तरी हसताना पदर तोंडावर.

वाचता येतं म्हणून बचत गटाच्या बायांनी तिला अध्यक्ष केलं. अहेरीच्या सभेत ती पदर तोंडाला लावूनच वाचायला उभी राहिली. मागून एक जण म्हणाली, “पदर काढ वो बाई, भोंग्याले कपडा बांधला का?” सगळ्या हसल्या. दिव्यानीही हसली, पण माझे दात वरच्या दातांवर घट्ट रुतले होते, ते मला कळत होतं.

तिचा नवरा प्रफुल ट्रॅक्टर चालवतो. घरी हे ऐकून तो म्हणाला, “चाल, तुया दाताले तार लावून टाकू. पदर तरी फाटाचा वाचंन.”

चंद्रपूरच्या दवाखान्यात मॅडमनं मला बोटांनी दाबून पाहिलं. “लहान मुलांचं हाड लवकर ऐकतं,” त्या म्हणाल्या. “तुमचं वय सव्वीस. वेळ लागेल, पण होईल. एकच गोष्ट, हिरड्या स्वच्छ ठेवायच्या. सुजलेल्या हिरडीवर तार ओढली, तर हाड विरघळतं आणि परत भरत नाही. खर्रा, गुडाखू, तंबाखूचं काही घेता का?”

“मले नाई लागत,” दिव्यानी म्हणाली. तेव्हा ते खरं होतं.

तार बसली आणि माझं काम सुरू झालं. दात सरकतो म्हणजे काय होतं, सांगतो. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवायचा तर एका बाजूनं खोदावा लागतो आणि ती माती दुसऱ्या बाजूला टाकावी लागते. तसंच. दात ज्या बाजूला जातो, तिथं मी विरघळून वाट देतो आणि मागे नव्यानं भरून येतो. नवा धुरा ओला असतो. तो बसेपर्यंत त्याला जपावं लागतं. दुखतं, पण त्या दुखण्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

त्यातच दिव्यानीला दिवस गेले. पोटुशीच्या हिरड्या अशाही फुगतात. तारेत भाताची शितं अडकत, ब्रश लागला की रक्त येई. ओट्यावर थुंकलेलं लाल पाणी पाहून ती घाबरायची आणि दुसऱ्या दिवशी ब्रश हळूच फिरवायची. तिसऱ्या दिवशी फिरवायचीच नाही. पोटातल्या लेकराला काही होईल का, एवढंच तिच्या डोक्यात.

तिची सासू भागीरथा. दिव्यानी तिला आत्या म्हणते. ही बाई वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. सुनेचं रडणं तिला पाहवलं नाही. तिनं आपली गुडाखूची डबी उघडली. तंबाखू आणि गुळाचा तो काळा, ओलसर लगदा इकडे कित्येक बाया रोज हिरडीला घासतात.

“लाव थोडंसं. सुन्न होते मंग.”

“डॉक्टरीण नाई म्हणे ना आत्या.”

“डॉक्टरणीचं तोंड दुखून राह्यलं का तुयं? मी न्हानपणापासून लावतो. माह्या हिरडीतून रक्ताचा थेंब तरी निंगला का कधी?”

ते खरंच होतं. भागीरथाच्या हिरडीतून कधी रक्त आलं नाही. तिचे खालचे दात एकेक करून मुकाट्यानं निघून गेले. वयानं गेले, असं ती समजते.

पहिल्या दिवशी दिव्यानीला गरगरलं. मग सवय झाली. उजव्या हाताचं बोट, खालचे पुढचे दात, नेमकी तीच जागा. सकाळी, दुपारी, भांडी घासून झाल्यावर. आणि थोड्याच दिवसांत रक्त यायचं थांबलं.

घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला सोडून. रक्त ही माझी हाक होती. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक नसा आवळल्या, आणि बाहेर काही दिसेनासं झालं. आतली कीड होती तशीच, दाताच्या मुळाशी बसून मला खात होती. चंद्रपूरला जायच्या दिवशी दिव्यानी दात घासघासून पांढरे करी. “रक्त येतं?” मॅडम विचारत. “आता नाई येत,” ती आनंदानं सांगे. पावसाळ्यात नाले चढले की कित्येक फेऱ्या चुकत.

मुलगी झाली, रीना. ती रांगायला लागली तेव्हा तार निघाली. दात सरळ ओळीत उभे. प्रफुल म्हणाला, “आता तू हासत जा वो, घरातला बल्ब काढून टाकतो.” त्या दिवशी दिव्यानी मोकळं हसली. मीही खूश होतो, खोटं कशाला सांगू? दात जागेवर धरून ठेवायला मॅडमनं दिलेली प्लेट ती रोज रात्री न चुकता लावायची. आणि सकाळी उठून गुडाखू.

माझा नवा धुरा बसलाच नाही. पुढच्या बाजूला मी आधीच कागदासारखा पातळ होतो. तिथूनच खाली उतरत गेलो, हिरडीही माझ्यामागे खाली आली.

“दात वाढून राह्यले का तुये?” प्रफुलनं एकदा विचारलं. दात वाढत नव्हते, उघडे पडत होते. मग एके दिवशी भाजलेलं मक्याचं कणीस खाताना मधला दात हलला. दिव्यानी तशीच थांबली. जिभेनं तिनं पुन्हा हलवून पाहिला, मग शेजारचा. तोही हलत होता.

गावात एकच बोलणं झालं, तारेनं दात ढिले केले. चंद्रपूरला सोबत आलेली भागीरथा मॅडमसमोरही तेच म्हणाली. रीना दिव्यानीच्या मांडीवर झोपली होती.

मॅडमनं माझा फोटो उजेडासमोर धरला. “हाड इथपर्यंत पाहिजे होतं. आता इथं आहे. नुसत्या तारेनं गेलं असतं, तर सगळीकडचं गेलं असतं. हे जिथं बोट लागतं, तिथलंच गेलं आहे. काय लावता?”

दिव्यानी लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. “गुडाखू,” ती म्हणाली. भागीरथा खिडकीबाहेर पाहू लागली.

“कधीपासून?”

“पोरगी पोटात होती तवापासून. रक्त बंद झालं ना मॅडम, मले वाटलं बरं झालं.”

मधले दोन दात काढावे लागले. ते माझ्यात नव्हतेच जवळजवळ, नुसते हिरडीला लोंबत होते. बाजूचे चार मॅडमनं मागून बारीक तारेनं बांधून ठेवले. “गेलेलं हाड येणार नाही,” त्या म्हणाल्या. “उरलेलं राखायचं की नाही, ते तुमच्या हातात.”

आज सकाळी रीना खूप रडत होती. तिचे सुळे निघताहेत. दिव्यानी विहिरीवरून आली, तर भागीरथा नातीला मांडीवर घेऊन बसलेली, बोटाला काळं लावलेलं.

दिव्यानीनं तिचं मनगट धरलं. “आत्या, नाई.”

“जरासंच वो. पोरीले किती तरास होऊन राह्यला.”

“होऊ द्या.”

“मी का जहर देतो का माह्या नातीले?”

दिव्यानी सासूसमोर खाली बसली आणि आपला खालचा ओठ दोन बोटांनी ओढून धरला. रिकामी जागा, तिच्या दोन्ही बाजूंना लांब उघडी मुळं. भागीरथानं ते पाहिलं. मग तिची जीभ तिच्याच बोडक्या हिरडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. तिनं बोट लुगड्याला पुसलं आणि पोर सुनेच्या हातात दिली.

रीनाच्या हिरडीखाली कोवळा जबडा आहे. आजच्यापुरता तो वाचला.

आता दुपार झाली आहे. पोर झोपली, भांडी झाली. दिव्यानीच्या तोंडाला पाणी सुटलं आहे आणि डबी तिच्या मांडीवर आहे. बाई, सकाळी जसं सासूचं मनगट धरलंस, तसं आता स्वतःचं धर. मी गेलेलं मागत नाही. तारेनं बांधलेले चार दात अजून माझ्यात उभे आहेत, तेवढे राहू दे.

तिनं झाकणावर अंगठा ठेवला आहे. तो फिरला, तर मला अडवता येणार नाही. मी हाड आहे. लहानपणी मला वाढता येत होतं. आता फक्त कमी होता येतं.