धुळीआधी बोलणारं कार्ड

व्हर्जिल स्ट्राउडचा फोन आला तेव्हा मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एका जुन्या रेडिओचं पोट उघडून बसलो होतो.

"लेलँड, आर्लीनकडे जाऊन ये," तो म्हणाला. "तिचा तो डबा एकदाचा बंद कर. मी केला तर ती माझं तोंड बघायची नाही."

"झालं काय?"

"धुळीचं वादळ आलं की दार सताड उघडं टाकून बसते. मी गेलो तर स्वयंपाकघरात मातीचा थर, आणि आमच्या बहीणबाई शाल पांघरून दाराकडे तोंड करून बसलेल्या. डॉक्टरने हात टेकलेत. म्हणतो, या वयात फुफ्फुसांत एवढी माती गेली तर माणूस राहत नाही."

तो डबा मला ठाऊक होता. लबक शहरातल्या कारखान्यात घरगुती कॉम्प्युटर तयार व्हायचे, त्या काळात आर्लीनचा नवरा रॉइस टीग आणि मी शेजारी शेजारी बसायचो. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. त्याला आणखी काही करायला लावायचं तर बाजूला एक जाडजूड लोखंडी डबा जोडायचा आणि त्यात पाव खोचल्यासारखी कार्डं खोचायची. रॉइसने असंच एक कार्ड केलं होतं. त्याला बाहेरची तार जोडता यायची आणि तारेवरून खबर आली की ते बोलायचं. तेही यंत्राच्या घोगऱ्या आवाजात नाही, खऱ्या माणसाच्या. ते बाजारात यायच्या आधीच आमचा विभाग बंद पडला. रॉइसने नमुना घरी आणला, छपरावर वारा मोजायच्या वाट्या बसवल्या आणि वाक्य बोलायला आपल्या मुलीला बसवलं. डेला तेव्हा नऊ वर्षांची होती. आमच्याकडची लाल धूळ एकदा दोरीवरच्या चादरींवर बसली की त्या धुऊन पांढऱ्या होत नाहीत. म्हणून वारा वाढला की डबा डेलाच्या आवाजात सांगायचा, "आई, धूळ येतेय, कपडे आत घे." आम्ही कारखान्यातले सगळे खास ते ऐकायला जायचो. पोरगी आपलाच आवाज ऐकून लाजून टेबलाखाली लपायची.

पुढे एकोणिसाव्या वर्षी, मिडलंडहून घरी येताना, डेला हमरस्त्यावर धुळीत सापडली. पुढची गाडी दिसेना, मागची थांबेना. बऱ्याच गाड्या एकमेकींवर चढल्या. डेला त्यातच गेली. काही वर्षांनी रॉइसही गेला. डबा मात्र आर्लीनने कधी बंद केला नाही.

मी गेलो तेव्हा दुपार होती. हवा अगदी पडलेली. आर्लीनने गारेगार चहा पुढे ठेवला आणि हसून म्हणाली, "व्हर्जिलने पाठवलं ना? खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही."

"पाठवलं त्यानेच, मिस आर्लीन. पण आलोय मी माझ्या मनाने." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात.

डबा पश्चिमेच्या खिडकीत होता. पंखा बिघडल्यावर आत गार राहावं म्हणून तिने झाकणच काढून टाकलं होतं. कार्डावर ऊन पडलं होतं. मी वाकून बघत होतो, तेवढ्यात ते बोललं.

"आई…" मग खरखर, जणू कुणी घसा दाबलाय. आणि मग स्वच्छ, "येतेय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

आर्लीन उठली, दार उघडलं, त्याला खुर्ची लावली. सगळं इतक्या सवयीने, की मला तिला अडवायचं सुचलंच नाही. "गेल्या वर्षापासून ती असं म्हणते," ती म्हणाली. "आधी कपड्यांचं म्हणायची. आता तेवढंच. तूच सांग, पोर येतेय म्हणते आणि मी दार लावून बसू?"

"मिस आर्लीन, ते…"

"मला वेड लागलेलं नाही. ती कुठे पुरलीय ते मला माहीत आहे. तरी दार उघडते."

थोड्याच वेळात पश्चिमेला क्षितिजावर लाल भिंत उभी राहिली. मी तिला जवळजवळ ओढूनच आतल्या खोलीत नेलं, पण दार लावू दिलं नाही तिने. तासभर आम्ही तोंडावर ओली फडकी धरून बसलो. धूळ घरात शिरत होती आणि पुढच्या खोलीतून मधूनमधून तो आवाज येत होता. आई… येतेय. आई… येतेय.

दुसऱ्या दिवशी मी छपरावर चढलो. वाट्या नव्हत्याच. नुसता गंजलेला दांडा उरला होता आणि तार हवेत लोंबत होती. वारा मोजणारं काही शिल्लकच नसताना डबा बोलत होता, तेही वारा यायच्या आधी. शिडीवरून उतरून मी त्या तारेकडे बघत अंगणात बसलो. मग डोकं थोडं चाललं. आमच्याकडची धूळ वीज घेऊन येते. अशा दिवशी गाडीच्या दाराला हात लावला तरी झटका बसतो. ती मोकळी तार लांबूनच ती वीज टिपत असणार. असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

वाक्य का तुटलं तेही कळलं. आवाज साठवणाऱ्या त्या काळच्या चिपांच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. तिच्यातून ऊन गेलं की आत लिहिलेलं पुसत जातं, म्हणून वर कागद चिकटवायचे. रॉइसचा कागद कधीच गळून पडला होता.

त्याच आठवड्यात व्हर्जिल डॅलसच्या हॉलिस ब्रँडव्होल्डला घेऊन आला. हा गृहस्थ जुनी कार्डं जमवतो. कार्ड बघून तो खुर्चीत बसलाच. "बाई, हे असल्याचं फक्त ऐकून होतो आम्ही. जगात दुसरं नाही. नव्या कोऱ्या पिकअप ट्रकची किंमत देतो."

"आणि नेऊन काय करणार?" आर्लीनने विचारलं.

"काचेच्या कपाटात ठेवीन. धूळ लागू देणार नाही."

"बोलवणार नाही त्याला?"

"छे! वीज दिली आणि जळलं म्हणजे?"

"मग रे कसली किंमत देतोस? मुक्याची?"

हॉलिस भला माणूस. त्याने टोपी हातात घेतली. "बाई, माझा पत्ता ठेवून जातो. पण या चिपा लवकर वाचून घ्या. लेलँड, वीज कमी देऊन वाच. पुसट झालेलं कधी कधी तसं उमटतं."

व्हर्जिल चिडला. "त्याला कार्ड विकत घ्यायला आणलं होतं, शिकवायला नाही!"

आर्लीनने दोन दिवस विचार केला आणि मला चिपा काढू दिल्या. दुकानात मी त्यांना कमी कमी वीज देत वाचत गेलो. दर वेळी थोडं वेगळं हाती यायचं. ते सगळं जुळवून नव्या चिपांवर उतरवलं. दुकानात मी ते ऐकलं नाही. तिच्या आधी ऐकायचा मला हक्क वाटला नाही.

तिच्या घरी नव्या चिपा बसवल्या आणि तारेचं टोक बोटाने शिवलं.

"आई, धूळ येतेय, कपडे आत घे."

आख्खं वाक्य. एक अक्षर कमी नाही. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "परत लाव." मी लावलं. "परत."

"कंटाळलीय," ती म्हणाली. "ऐकतोस ना? 'घे' कसं ओढते ते बघ. रॉइसने तिला खेळातून उठवून आणलं होतं. सारखं म्हणत होती, बाबा, झालं का?" तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच विरलं. "म्हणजे ती येत नव्हतीच. धूळ येत होती."

व्हर्जिलचं काम झालं होतं. दार उघडं टाकायचं कारण मी माझ्या हातांनी काढून घेतलं होतं.

"लेलँड, जुन्या चिपा टाकल्यास?"

"खिशात आहेत."

"त्या परत बसव."

"मिस आर्लीन, त्यांचं आता काही खरं नाही. वर्षभरात पार कोऱ्या होतील."

"होऊ देत. ही नवी माझी नऊ वर्षांची डेला आहे, ती जपून ठेवते. पण ती दुसरी… ती रस्त्यावरची आहे रे. तिचं मी कधी ऐकलंच नाही. त्या दिवशी निघण्याआधी तिनेच केला असणार, फोनची घंटा वाजत होती आणि मी बाहेर चादरी काढत होते." तिने माझा हात धरला. "दार लावीन. शप्पथ. पण तिला बोलू दे."

मी जुन्या चिपा बसवल्या. वर कागदही चिकटवला, तेवढाच आडोसा.

तिने शब्द पाळला. त्या वसंतात मोठमोठ्या धुळी आल्या, पण दार बंद असायचं. आवाज कमी होत गेला. आधी "आई" गेलं. मग "येतेय"चं नुसतं "ये" उरलं. शेवटी शेवटी डबा फक्त श्वास घेतल्यासारखा खरखरायचा, आणि आर्लीन भांडी घासता घासता म्हणायची, "हो गं, आहे मी."

मे महिन्यात एका सकाळी तिने मला फोन केला. काल मोठी धूळ येऊन गेली, डबा बोललाच नाही, म्हणाली. मी गेलो. कार्ड ठीक होतं, तार ठीक होती. चिपा वाचून पाहिल्या, संपूर्ण कोऱ्या. नव्या बसवू का, असं विचारलं तर तिने नकाराची मान हलवली.

"गाडी आणलीयस ना? मला मिडलंडच्या रस्त्याने ने."

इतक्या वर्षांत ती त्या रस्त्याने गेली नव्हती. व्हर्जिलकडे जायलाही लांबचा वळसा घ्यायची. लमेसाच्या पुढे तिने एका ठिकाणी थांबायला सांगितलं. ना खूण, ना फलक. दोन्ही बाजूंना नुकताच पेरलेला कापूस, आणि त्यावरून भरधाव ट्रकांचा वारा. ती उतरली आणि कडेच्या गवतात उभी राहिली. मी गाडीजवळच थांबलो.

ती काय बोलत होती ते ट्रकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण मधेच थांबून ती कान देत होती, समोरचा बोलत असताना आपण थांबतो तशी. मग मान डोलवायची आणि पुन्हा बोलायची.

परत येताना तिने खिडकीची काच खाली ठेवली होती. "आवाज बसलाय तिचा," ती म्हणाली. "पण बोलते."

तिच्या घरी उतरताना गाडीच्या दाराला हात लावला तेव्हा मला झटका बसला, धुळीच्या दिवशी बसतो तसा. आकाश निरभ्र होतं.