एक्का आणि सत्ती

माणसाचा खरा स्वभाव संकटात दिसतो. आमच्या रेकॉर्ड-कीपरांचा तिथेही दिसला नव्हता, कारण संकट आले की ते हातातले पत्ते टाकून मोकळे होत.

क्लबच्या वार्षिक पोकर स्पर्धेत ते अकरा वर्षे याच पद्धतीने खेळले. उत्तम पाने आली तर खेळायचे, नाहीतर फेकायची. ऑफिसातही बत्तीस वर्षांत एकाही फायलीवर त्यांनी स्वतःचे मत लिहिले नव्हते. ‘आदेशार्थ सादर’ म्हणून ते वर पाठवत. पोकरमध्ये वर कोणी नसते. पाळी आली की पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या सक्तीने भराव्या लागतात, आणि हा भरणा वाढत जातो. वाट पाहणारा बसल्या जागी झिजतो. त्यामुळे ते दर वर्षी दहावे, नाहीतर अकरावे. क्लबच्या फळ्यावर नावे लागत पहिली नऊ. पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन ते लेकीकडे कायमचे जाणार होते, तेव्हा फळ्यावर चढायचे तर आजच.

दोन टेबलांवर मिळून दहा जण उरले. आता दोन्हीकडे डाव एकदमच वाटायचा, असा नियम. रेकॉर्ड-कीपरांपुढे सहा चकत्या होत्या आणि हातात एक्का आणि सत्ती: धड ठेवण्यासारखे नाही, धड टाकण्यासारखे नाही. तेवढ्यात समोरच्या दंतवैद्याने आपल्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या.

“अहो, टाका ती,” मागून बायको म्हणाली. “त्या टेबलावरचा प्लंबर जातोय आता.”

बघ्यांनी बोलू नये, असे पंचांनी तिला तिसऱ्यांदा सांगितले आणि घड्याळ लावले. तीस सेकंद.

“काका, अजिबात दुखणार नाही,” दंतवैद्य म्हणाला.

एकोणतिसाव्या सेकंदाला रेकॉर्ड-कीपरांनी सहाही चकत्या पुढे सारल्या.

दंतवैद्याकडे निघाले राजा आणि दश्शी. टेबलावर दोघांसाठी मिळून उघडायच्या पाच पानांपैकी पहिल्या चारांनी कोणाचेच भले केले नाही. पाचवा आला राजा, आणि दंतवैद्याची जोडी जमली. दंतवैद्याने उभे राहून हात मिळवला.

त्याच डावात पलीकडे प्लंबरही गेला. म्हणजे पाने फेकली असती, तर हे आपोआप नववे. आता दोघे एकदमच बाद, तेव्हा डावाआधी ज्याच्या चकत्या जास्त, तो नववा. पंच हिशेबाला बसले.

“कशाला खेळलात?” बायकोने हळूच विचारले.

“मला वाटलं, माझी पानं वरचढ आहेत.” ते चष्मा पुसत होते. “होतीही.”

शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिने त्यांना बसायला जागा करून दिली.

प्लंबरच्या सात चकत्या होत्या.