शेरवानीला चुणी पडंल

शाळेचं नाव काढलं की माझा धाकटा भाऊ काकासाहेब रडायचा, आणि तो रडला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो दहा वर्षांचा, मी बाराची. त्याला शाळा नको होती आणि मला हवी होती. दात आहेत तिथे चणे नाहीत म्हणतात, ते आमच्याच घरावरून म्हणत असावेत.

निजामाचं राज्य होतं. राजूरजवळच्या आमच्या गावात मुलांची शाळा होती, मुलींची नव्हती. हेडमास्तर बद्रीनाथ. हा माणूस वरून येणाऱ्या तपासणीला इतका भ्यायचा, की पोरांवर त्याने कायदेच कायदे घातले होते. काळी शेरवानी, चैत्राच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटनं बंद. डोक्यावर टोपी, ती पाणी पितानाही काढायची नाही. डोकं खाजवलं तर टोपी हलते, म्हणून खाजवायचं नाही. उवा मात्र कायदा मानत नव्हत्या. शेरवानीला चुणी दिसली तर एक छडी. पुस्तकाला घरच्या कुणाच्या हाताचा डाग दिसला तर दोन. आणि छडी खाऊन झाली की मास्तरांना वाकून सलाम करायचा.

हे सगळे कायदे मला तोंडपाठ होते. काकासाहेब संध्याकाळी तळहात चोळत यायचा, आई त्यावर तेल लावायची, आणि मी चुलीपुढे बसून जळायची. हो, मला त्या छड्यांचासुद्धा हेवा वाटायचा. त्याच्या गळ्याच्या एका बटनाची सरकारला काळजी होती. माझ्या पोलक्याला दोरी आहे की सुतळी, हे पाहायला कोण येणार होतं?

बटनं मीच लावायची. त्याच्या हातून नेहमी एक घर चुकायचं. मग मी सौदा केला. बटनं लावीन, पण रोज दोन ओळी वाचून दाखवायच्या.

"दाखवतो. पन जवळ बसू नको, अक्का," तो म्हणाला. "शेरवानीला चुणी पडंल. अन् पुस्तकाला हात बी लावायचा न्हाई."

मग तो ओट्यावर ताठ बसायचा, पुस्तक मांडीवर. मी खाली, त्याच्यासमोर. तो अक्षरावर बोट ठेवून उर्दू वाचायचा, मी डोळे फाडून बघायची. त्याचं बोट पुढे सरकायच्या आत मला ओळ यायला लागली. तो अडला की मी सांगायची, आणि वर "गाढवा" म्हणायची. त्याच्या पाठीत दोन धपाटेही घालायची. ज्याला शाळा फुकट मिळाली होती त्याला अडखळायचा काय हक्क?

वर्ष असं गेलं. माघात टेंभुर्णीचे पाहुणे मला बघून गेले होते. स्थळ चांगलं होतं, आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात जालन्याहून सगुणाबाई नावाच्या मास्तरीण आल्या. गावात मुलींचा वर्ग निघणार, पोरी पाहिजेत म्हणाल्या. मी दादांचे पाय धरले.

"मला वाचता येतं, दादा."

दादा हसले. "खरं? बाईपुढं एक वळ वाचून दाखव. वाचलीस तर टेंभुर्णीकरांना दोन वर्सं थांबा म्हन्तो. न्हाई वाचलीस तर मंग चैतात बार उडवू. बराबर?"

"बराबर," मी म्हणाले. मला रात्रभर झोप नाही, इतकी खुशी झाली होती.

चावडीवर बाई खुर्चीवर बसल्या होत्या. दादा होते, बद्रीनाथ मास्तर होते, आणि मागे पोरांच्या रांगेत बटनं बंद केलेला काकासाहेब. बाईंनी त्याचंच पुस्तक मागून घेतलं, मधलं पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा पुस्तक माझ्या हातात आलं.

मी खाली पाहिलं. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं.

ज्यांच्याशी मी वर्षभर बोलले होते ती अक्षरं कुठे गेली, मला कळेना. टिंबं भलतीकडे, शेपट्या भलतीकडे. मागून काकासाहेबाचा आवाज आला, "अक्का, फिरव! उलटं धर, उलटं!"

पोरं खो-खो हसली. बाई म्हणाल्या, "बिलकुल चूप. बहिणीची थट्टा करतोस?" मास्तरांनी त्याला ओढून छडी उगारली.

मलाही थट्टाच वाटली. वर्षभर मी त्याला धपाटे घातले होते, आज त्याने डाव साधला, असं वाटलं. आणि खरं सांगू? पुस्तक फिरवून पाहायला काय लागत होतं? पण ह्याच्या सांगण्यावरून मी पास व्हायचं? शाळाही त्याची, पुस्तकही त्याचं, आणि अक्कलही त्याचीच? मी पुस्तक घट्ट धरलं, सरळच धरलं, आणि गप्प उभी राहिले. बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुस्तक काढून घेतलं. टेंभुर्णीला निरोप त्याच सांजेला गेला.

घरी आल्यावर काकासाहेबाने पुस्तक जमिनीवर ठेवलं आणि माझ्या बाजूने उलटं फिरवलं. "आता वाच."

मी वाचलं. "सच बोलना अच्छी बात है।" खालचीही ओळ वाचली. सगळं पान वाचलं, कुठेही न अडता.

"मी सांगून राह्यलो होतो न, अक्का," तो म्हणाला. "तू समोर बसून शिकलीस. उलटंच शिकलीस तू."

मी त्याच्या थोबाडीत मारली. सगळा जीव एकवटून मारली. नेहमी शाळेच्या नावाने रडणारं ते पोर त्या दिवशी रडलं नाही, माझ्याकडे बघत नुसतं उभं राहिलं. रडू मला येत होतं, आणि त्याला ते येत नव्हतं, ह्याचाही मला हेवा वाटला.