कांडीचा दाब

"मेल्या, दाबल्याशिवाय ऐकतच न्हाय तू!"

अगदी कानाशी कुणीतरी पुटपुटलं म्हणून राहीबाईने मान वळवली. तिचा मुलगा धनेश बापाच्या उशाशी वाकून हातातल्या यंत्राला शिव्या घालत होता. यंत्रालाच, बापाला नव्हे. तिने मनातल्या मनात तेवढं पक्कं करून घेतलं.

यंत्र धनेशच्या अंजूरच्या गोडाऊनमधलं. मालाची मोजणी करायला साहेब वापरायचे. नवी आली तेव्हा जुनं याच्या पदरात पडलं. वहीएवढंही नाही, आणि सोबत खोचायला प्लास्टिकची बारीक काडी. तिला खरं म्हणजे स्टायलस म्हणतात, पण राहीबाईने सहा वर्षं लूमसाठी, कापडाच्या मागासाठी, सुताच्या कांड्या भरलेल्या, तेव्हा तिच्यासाठी ती कांडीच.

चांगदेवची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, वाचा गेल्या दिवाळीपासून गेली होती. आडवं पडून बॉलपेन चालेना, शाई उलटी उतरत नाही. काचेवर कांडी फिरवली की मात्र रेघ उठायची. चार महिने तो त्यावर लिहीत होता. "डाळीत मीठ न्हाय," हे त्याचं पहिलं वाक्य. तीस वर्षांच्या संसारात जे तोंडाने बोलला नाही ते लिहून बोलला, म्हणून ती तेव्हा चिडलीही होती.

आता आठ दिवस झाले, रेघ उठत नव्हती. मागच्या मंगळवारी त्याने लिहायला घेतलं होतं, "मला न". पुढे काच कोरी.

आणि गुरुवारी मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे जायचं होतं. डॉक्टरने नसांचा आजार आहे म्हणून सांगितलं होतं: आधी जीभ जाते, मग हात, मग श्वास. हे धनेश, सून दिपाली आणि राहीबाई, तिघांनीही नीट ऐकलं होतं आणि दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत तिघांनीही विसरून टाकलं होतं. "श्वास कमी पडला तर गळ्याला भोक पाडून नळी घालायची की नाही, ते पेशंटलाच विचारून या," हेही डॉक्टर म्हणाला होता. चांगदेव तेव्हा खुर्चीत बसून ऐकत होता.

"'मला न' म्हंजे नको म्हणायचं असंल बाबांना," दिपाली ओट्याशी हळूच म्हणाली होती. धनेशने नुसती मान हलवली होती. राहीबाईनेही.

आता धनेशने यंत्र पुन्हा जुळवून घेतलं. काचेवर चार कोपऱ्यांत फुल्या येतात, त्यावर कांडी टेकवायची. त्याने टेकवली, चारही लागल्या. मग कांडी बापाच्या बोटांत दिली. काहीच नाही.

"स्क्रीन गेली, आये."

"मंग बदल ना!"

"बाबांचा हात मुळातच हलका," दिपाली म्हणाली. "लूमवरचा हात ना तो."

यावर मात्र तिघांचं लगेच एकमत झालं. चांगदेवचा हात नारपोलीत प्रसिद्ध होता. तुटलेला धागा तो असा सांधायचा की शेजारच्या धाग्याला कळायचं नाही. ज्याने जन्मभर दाब टाळला, त्याला काच दाबणं कसं जमणार? राहीबाईला हे इतकं पटलं की ती दुपारी स्वतःच यंत्र पिशवीत घालून मुदस्सिरच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात गेली.

मुदस्सिरचे वडील आणि चांगदेव लूमच्या एकाच शेडमध्ये कामाला होते. त्याने काचेवर आगकाडीचं टोक टेकवलं. रेघ उठली. नख टेकवलं. रेघ उठली.

"चाची, स्क्रीन एकदम ठीक हाय."

"ठीक कशी? हे लिहितात तर काय उठत न्हाय."

"यात दोन पडदे असतात. मधी जरा हवा. दाबलं की दोन्ही एकमेकाला लागतात, तवाच याला कळतं. नुसता हात ठेवून कळत न्हाय." त्याने आगकाडी बाजूला ठेवली. "चाचा किती दाबतात?"

"त्यांचा हात हलका हाय."

"मालूम हाय, चाची." त्याने तिच्याकडे न बघता काचेवरचा संरक्षक कागद सोलून काढला. मग खणातून दुसरी कांडी शोधली, टोकाला जास्त बारीक. "हिला कमी जोर लागंल. पण जोर याच्या खाली न्हाय जात."

"नवीन काच टाक ना. हलक्या हाताची."

"तशी येत न्हाय, चाची." त्याने यंत्र दोन्ही हातांनी तिच्या पिशवीत ठेवलं, जसं कुणी प्रसाद ठेवावा.

घरी येऊन तिने बारीक कांडी दिली. काच कोरीच. चांगदेवच्या कपाळावर घाम आला. उद्या गुरुवार.

मग राहीबाईला सुचलं. लूमवर सूत गुंडाळलेलं बीम सैल सुटायला लागलं की साखळीला वजन लटकवतात. तिने धनेशच्या मोटारसायकलच्या डब्यातून बोल्टची लोखंडी ढिबरी काढली आणि सुती दोऱ्याने कांडीला घट्ट बांधली.

"आये, काय करतेस?"

"वजन लावते. यांनीच शिकवलंय."

चांगदेवच्या बोटांत तिने कांडी बसवली, खाली यंत्र धरलं. टोक काचेला लागलं आणि रेघ उठली! धनेश ओरडला, "बघ! म्हणजे स्क्रीनचाच..."

रेघ सरळ खाली आली, काचेच्या कडेपर्यंत, आणि कांडी पांघरुणावर पडली. ढिबरीनेच ती ओढून नेली होती. बोटं जिथल्या तिथे होती, अर्धी उघडी.

"अजून थोडं कमी वजन लावू," दिपाली म्हणाली. "छोटी ढिबरी हाय का?"

"ऱ्हाऊ दे," राहीबाई म्हणाली.

ती पलंगाच्या कडेला बसली. विचारलं असतं तर त्याने डोळ्यांनीही सांगितलं असतं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण डोळ्यांना विचारायचं म्हणजे हाताचा विषय संपला, असं कबूल करायचं. आणि हातानंतर काय, ते त्या जिन्याच्या वरच राहिलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "यंत्राला कायबी झालं न्हाय. तुमचा हात गेलाय."

धनेश खिडकीकडे वळला.

"आता श्वासाची पाळी. डॉक्टर नळीचं विचारतोय. नको असंल तर डोळे मिटा. मी कुनाला कायबी बोलू देनार न्हाय."

चांगदेवने तिच्याकडे पाहिलं. डोळे मिटले नाहीत. तिने मनात दहा मोजले, मग वीस. त्याच्या डोळ्यांत पाणी साचलं, कडेने कानात उतरलं, पापण्या थरथरायला लागल्या. तरी त्याने त्या ताणून उघड्या धरल्या होत्या, जीव खाऊन, अंगात उरलेला सगळा जोर तिथे आणून.

"मिटा आता," राहीबाई म्हणाली. "कळलं मला, मिटा." तिने तळहाताने त्याचे डोळे पुसले आणि मुला-सुनेकडे वळली.

"नको म्हणायचं असंल, हे आपनच ठरवलं व्हतं रे. आपन दमलोय. यांना जगायचंय."