छत दाखवणारा आरसा

मित्रांनो, माझ्यात डोकावलात तर तुमचा चेहरा कोपऱ्यात थोडासाच दिसेल. उरलेल्या जागेत छत दिसेल, कारण माझं कामच ते आहे. मी वयाने नव्वदीला टेकलेला, कडेने पारा उडालेला आरसा आहे. इंग्लंडमधल्या स्टेनमिअर गावच्या कॅथेड्रलमध्ये चाकांच्या एका मेजावर मला उताणा ठेवलेला आहे. आमचं कॅथेड्रल आठशे वर्षांचं, त्यामुळे इथले खांब मला अजून पोरसवदाच समजत असतील.

माझा जन्म काही देवाच्या दारी झाला नाही. गावात वर्डल नावाच्या शिंप्याचं दुकान होतं. तिथे मी भिंतीला टेकून उभा असे आणि गिऱ्हाइकांना नवी पँट कशी बसली ते दाखवत असे. भलेभले माझ्यासमोर आले की पोट आत घ्यायचे. वर्डल म्हातारा झाला, वारला, दुकानाला कुलूप लागलं. त्याच सुमाराला कॅथेड्रलमध्ये एका पाहुण्या बाईंना छत बघता बघता भोवळ आली आणि त्या थेट एका पाद्रीबाबांच्या अंगावर कोसळल्या. बाईंना काही झालं नाही. पाद्रीबाबांचा खांदा मात्र महिनाभर दुखत होता.

मग, मान वर न करता छत बघता यावं म्हणून, कॅथेड्रलचा टल नावाचा सुतार मला घेऊन आला. त्याने मला ओकच्या चौकटीत बसवलं, खाली चार चाकं लावली आणि उताणं निजवलं. मी जन्मात पहिल्यांदा वर बघितलं. काय सांगू तुम्हाला! पाऊणशे फुटांवर दगडी कमानी दोन्ही बाजूंनी निघून एकमेकींना भेटत होत्या. जिथे भेटतात तिथे गाठ मारल्यासारखा एकेक कोरीव गोल दगड. इथे त्याला गाठदगडच म्हणतात. कुठे देवदूत, कुठे डुक्कर, कुठे दात दुखणारा माणूस. एवढ्या उंचावर एवढं बारीक काम कोणासाठी केलं असेल, हे कोडं मला पुष्कळ वर्षं सुटलं नव्हतं.

माझे दिवस छान गेले. लोक रांगा लावून यायचे, माझं कौतुक करायचे आणि माझ्यावर कोपर टेकायचे. मुलं माझ्यात वाकून आपले दात मोजायची. एका गृहस्थांनी तर माझ्यावर चहाचा पेला ठेवून अर्धा तास प्रवचन झोडलं. त्या पेल्याचं वर्तुळ पुसायला क्विलसाहेबांना दोन दिवस लागले.

हे डन्स्टन क्विल कॅथेड्रलची सगळी व्यवस्था बघतात. काळा झगा, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात नियम. जमिनीत पितळेचे चार खिळे आहेत. माझी चाकं त्यांच्यावरच हवीत, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि बघणाऱ्यांनी उभं राहायचं ते पश्चिमेच्या बाजूने, एकाच फरशीवर. रोज सकाळी ते मला मऊ कातड्याने पुसतात. माणूस कडक आहे, पण हात हलका.

आणि दर गुरुवारी हेस्टर पिनॉकबाई यायच्या. वय ऐंशीच्या वर. पाठीला असा बाक आला होता की त्यांना समोरच्याच्या कोटाची बटणं तेवढी दिसायची. छत बघायचं तर माझ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि बघायचं कारणही तसंच होतं. त्यांचे यजमान आल्बन इथले पाथरवट. साठ वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावरचा गाठदगड झिजला होता, तो त्यांनी नवा कोरला. ज्याने दगड कोरावा त्याने त्यात ओळखीचा एक चेहरा घालावा, अशी इथल्या पाथरवटांची जुनी रीत आहे. आल्बननी बावीस वर्षांच्या हेस्टरला घातलं, गरम चहावर फुंकर मारताना, गाल फुगवून.

"नाक बघ किती मोठं काढलंय मेल्याने," असं त्या दर गुरुवारी म्हणायच्या आणि अर्धा तास हलायच्या नाहीत. आल्बन जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या ज्या मायेने 'मेल्याने' म्हणायच्या ना, ते ऐकून मला उंचावरच्या त्या बारीक कामाचं कोडं सुटलं.

मग एका वसंतात माझ्यावर एक रेघ दिसू लागली. केसाएवढी, तिरकी. क्विलसाहेबांनी कातड्याने पुसली, व्हिनेगरने पुसली, तोंडाची वाफ देऊन पुसली. जाईना. शाळेच्या एका सहलीवर त्यांनी आळ घेतला.

मित्रांनो, रेघ माझ्यावर नव्हती. ती वर दगडात होती. पण मला तोंड कुठे आहे? माझी चाकं खिळ्यांवर, लोक एकाच फरशीवर, त्यामुळे ज्याला त्याला ती काचेवर एकाच जागी दिसायची. रोज शेकडो माणसं त्या दगडाखाली उभी राहून मलाच नावं ठेवत होती. मला फार भीती वाटत होती.

कॅथेड्रलच्या प्रमुख डीनबाईंनी मला एकदा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "क्विल, रविवारी बिशप येतायत. हा चरा पडलेला आरसा अडगळीत ठेवा. दुसऱ्याचं पुढे बघू."

आमच्याकडे 'पुढे बघू' म्हणजे शंभर-दोनशे वर्षं सहज जातात.

ही बातमी हेस्टरबाईंना गुरुवारी आल्यावर कळली. त्यांनी काठी माझ्या चौकटीला टेकवली.

"म्हणजे आजचं बघणं शेवटचं?"

"माझ्या हातात काही नाही, पिनॉकबाई," क्विलसाहेब म्हणाले. "चरा पडलाय त्याला."

"चरे मलाही पडलेत रे. मला कुठे ठेवणार आहेस?"

बाई मग बघू लागल्या. शेवटचं म्हणून त्या नेहमीच्या फरशीवरून हलल्या, माझ्या कडेकडेने सरकत पार पूर्वेच्या बाजूला गेल्या. नियम मोडला, पण साहेबांनी त्या दिवशी अडवलं नाही. बाई थांबल्या. परत पश्चिमेला आल्या. पुन्हा पूर्वेला गेल्या.

"डन्स्टन, ही रेघ माझ्या कपाळावर आहे."

"आरशावर आहे, बाई."

"मग मी इकडे आले की ती तिथेच राहायला हवी ना? ती माझ्या कपाळाबरोबर फिरतेय. ढकल बघू हे मेज."

"चाळीस वर्षांत हे खिळ्यांवरून हललेलं नाही."

"माझ्या गायनाच्या वर्गात खिशातून बेडूक आणायचास, तेव्हा नियम आठवायचे नाहीत. ढकल म्हणते ना."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ढकललं. चाकं कुरकुरली. मी हातभर सरकलो. माझ्या काचेवरची ती जागा स्वच्छ झाली, आणि रेघ गेली दगडी हेस्टरच्या मागोमाग. क्विलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी बाईंना दंडाला धरून बाजूला नेलं, मग दोरी बांधून सगळी जागा मोकळी केली. मला मात्र तिथेच विसरले. त्याचा मला राग नाही.

रविवारी बिशप आले ते बाजूच्या दाराने. दोन आठवड्यांत परांची उभी राहिली आणि पाथरवटांची प्रमुख रोवेना ट्रेस हिने तो दगड दोरखंडाने खाली उतरवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली होती. तिने हेस्टरबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "आत लोखंडी सळई निघाली. लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. इथे तांब्याची लागते. आल्बनना हे माहीत असणारच."



"तांब्याची यायची होती सोमवारी," हेस्टरबाई म्हणाल्या. "आणि आमचं लग्न होतं शनिवारी. काम पुरं झाल्याशिवाय सुट्टी मिळत नसे."

रोवेनाने मान खाली घातली, पण ती हसत होती हे मला माझ्या जागेवरून दिसलं.

दगड लाकडी ओंडक्यांवर ठेवला होता, बाईंच्या छातीइतक्या उंचीवर. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी फुगलेल्या गालांवरून हात फिरवला, नाकावर बोट टेकलं. त्या दिवशी माझ्याकडे कोणी बघितलं नाही. खरं सांगतो, मला ते लागलं.

तेवढ्यात डीनबाई आल्या. त्या मायेनेच म्हणाल्या, "पिनॉकबाई, हा दगड आपण खालच्या दालनात ठेवू. तिथे तुम्ही रोज बघा, हात लावा. वर नवा कोरून बसवू."

रोवेना म्हणाली, "वर बसवताही येईल. आता तांब्याची सळई घालीन, चीर भरून काढीन. पण तिथे गेला की हात लावायला मिळणार नाही."

सगळे बाईंकडे बघत राहिले. माझं पुढचं सगळं त्या एका उत्तरावर होतं. दगड खाली राहिला तर मला कोण विचारणार?

बाईंनी दगडावरचा हात काढून घेतला.

"वर लाव, पोरी," त्या रोवेनाला म्हणाल्या. "त्याने तो तिथल्यासाठी केलाय. त्याच्या कामात चूक होती ती तू दुरुस्त कर, पण जागा बदलू नकोस." मग काठी टेकत त्या माझ्यापाशी आल्या आणि माझी चौकट धरून उभ्या राहिल्या. "बघायला मला हा आहे. याला कुठे नेऊ नका."

अडगळीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मित्रांनो, तुम्ही आमच्याकडे कधी आलात तर माझ्यावर कोपर टेकू नका, चहा तर मुळीच ठेवू नका. पारा उडाला की आरसा परत आपला आपण उजळत नाही. आणि गर्दी फार असली, आणि एखादी वाकलेली म्हातारी बराच वेळ माझ्यापाशी उभी असली, तर तिला सरका म्हणू नका. घरच्या आरशात तिला आपली बाविशी दिसत नाही.